१४४४ साली मॉरिशसला काय म्हणायचं?

वाचकांचे प्रश्न, नकाशे आणि नावं

प्रश्न : आम्ही तिघं मित्र ‘युरोपा युनिव्हर्सालिस ४’ या खेळासाठी एक मॉड, म्हणजे खेळात बदल करणारी जोडणी, करतोय. हिंदी महासागरातली बेटं वेगळे प्रांत म्हणून दाखवायची आणि त्यांची नावं इतिहासाला धरून ठेवायची, एवढंच काम. पण नावांवरून रोज वाजतंय. एक म्हणतो, आजचीच नावं ठेवा, खेळणाऱ्याला बेट सापडायला नको का? दुसऱ्याला सगळीकडे स्थानिक नावंच हवीत. माझं म्हणणं, युरोपियनांनी दिलेली नावं निदान कागदोपत्री सापडतात, तीच घ्यावीत. मॉरिशस, रियुनियन, बहरीन, श्रीलंका आणि निकोबार इथे गाडी अडली आहे. खेळ ११ नोव्हेंबर १४४४ ला सुरू होतो. फाईल सोबत जोडली आहे. — एक वाचक, सांगली

उत्तर : फाईल उघडली. मॉरिशसच्या प्रांतात राजधानी म्हणून ‘पोर्ट लुई’ लिहिलंय, आणि तेही थेट १४४४ पासून. ज्या पंधराव्या लुईच्या नावाचं ते बंदर, तो जन्मला १७१० साली. तुमच्या भांडणाचा निकाल नंतर लावू, आधी ते बंदर तिथून हलवा.

हा खेळ न खेळणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगते. स्वीडनच्या पॅराडॉक्स कंपनीचा हा खेळ २०१३ साली आला. वार्नाच्या लढाईच्या दुसऱ्या दिवशी जगाचा नकाशा आपल्यासमोर मांडला जातो आणि १८२१ पर्यंत आपण एखादं राज्य चालवायचं. नकाशा प्रांतांमध्ये चिरलेला असतो. प्रत्येक प्रांताला एक नाव असतं आणि त्याच्या आत राजधानीच्या गावाचं दुसरं. ही दोन नावं वेगवेगळ्या जागी लिहायची असतात. शिवाय प्रांत कोणाच्या ताब्यात गेला त्यावर त्याचं नाव बदलायची सोय आहे. प्रत्येक देशाची किंवा संस्कृतीची एक फाईल करायची, त्यात प्रांताचा क्रमांक आणि त्या लोकांच्या तोंडचं नाव. मी कॉलेजात इतिहास शिकवायचे तेव्हा विद्यार्थ्यांनीच मला या खेळाची चटक लावली. पोर्तुगालकडून खेळते आणि बहुतेकदा मोझांबिकच्या पुढे जाईपर्यंत रात्रीचा एक वाजतो.

आता तुमचं भांडण. तिघांचंही बरोबर आहे, पण प्रत्येकाचं एकेका बेटापुरतं आणि एकेका सालापुरतं. नाव इतिहासाला धरून आहे का, असं मोघम विचारून भागत नाही. ते कोणाच्या तोंडचं, कधीचं आणि बेटाचं की बंदराचं, हे तीन प्रश्न विचारा. त्यातला तिसरा प्रश्न लोक विसरतात आणि निम्मे घोटाळे तिथेच होतात.

मॉरिशसपासून सुरू करू. १४४४ साली तिथे माणूसच नव्हता. त्यामुळे तुमच्या दुसऱ्या मित्राचं ‘स्थानिक नाव’ इथे बाद. पण अरब खलाशांना ही बेटं ठाऊक असावीत. त्याचा पुरावा म्हणजे १५०२ चा कांतिनो नकाशा. फेराराच्या ड्यूकचा माणूस अल्बेर्तो कांतिनो याने लिस्बनमधून तो बारा सोन्याच्या डुकाटांना मिळवून गुपचूप बाहेर काढला. पुढे कित्येक वर्षांनी, १८५९ मध्ये, मोदेना गावात एका खाटकाच्या दुकानात तो सापडला. आज तिथल्याच एस्तेन्से ग्रंथालयात आहे. त्या नकाशावर या भागात तीन बेटं आहेत आणि नावं साधारण अशी : दीना अरोबी, दीना मार्गाबिन, दीना मोराझे. ‘दीना’ हे आपल्या ‘द्वीप’चंच समुद्रावर झिजलेलं रूप असावं असं अभ्यासक मानतात. मार्गाबिनमध्ये अरबी ‘मग्रिब’ म्हणजे पश्चिम आहे, मोराझेत ‘मश्रिक’ म्हणजे पूर्व. पश्चिमेचं ते रियुनियन, पूर्वेचं रॉड्रिग्ज आणि उरलेलं मॉरिशस, अशी जोडणी सहसा केली जाते. नकाशावर बेटं पक्क्या जागी नाहीत, म्हणून वाद आहेच. पण तुमच्या कामाला ही नावं सोन्यासारखी आहेत. १४४४ चं, कोणी न वसवलेलं बेट म्हणून ‘दीना अरोबी’ लिहा. राजधानीचा खाना कोरा ठेवता येत नसेल तर तिथेही तेच लिहा. नसलेलं गाव उभं करू नका.

त्यापुढचं सोपं आहे, कारण कागद बोलतात. पोर्तुगीजांच्या फाईलमध्ये ‘सिर्ने’. डचांच्या फाईलमध्ये ‘मॉरिशस’ : १५९८ साली त्यांची जहाजं तिथे लागली तेव्हा नासाऊच्या प्रिन्स मॉरिट्सचं नाव ठेवलं. त्यांची राजधानी पोर्ट लुई नव्हे. ते आग्नेयेच्या खाडीवर राहत, १६३८ मध्ये तिथे बांधलेला किल्ला ‘फ्रेडरिक हेंड्रिक’. तेच नाव टाका. डच १७१० मध्ये कायमचे निघून गेले, १७१५ मध्ये फ्रेंचांनी ताबा सांगितला आणि बेट झालं ‘इल द फ्रान्स’. फ्रेंचांच्या या फाईलपासून पुढेच ‘पोर्ट लुई’ शोभतं. १८१० च्या डिसेंबरात इंग्रजांनी बेट जिंकलं आणि जुनं डच नाव परत आणलं. म्हणजे आज आपण जे नाव घेतो ते डचांनी ठेवलेलं आणि इंग्रजांनी टिकवलेलं. गंमत म्हणजे राजधानीचं फ्रेंच नाव मात्र इंग्रजांनी तसंच राहू दिलं.

रियुनियनला जास्त मेहनत लागेल. तिथे मालक बहुतेक काळ तोच राहतो आणि नाव बदलत जातं. १६४९ पासून ‘बूर्बों’, म्हणजे फ्रान्सच्या राजघराण्याचं नाव. १७९३ मध्ये राजाचं डोकं उडाल्यावर ते चालणार कसं? मग ‘रियुनियन’ केलं. त्यानंतर सम्राट आला, १८०६ मध्ये ‘बोनापार्ट’. १८१० मध्ये इंग्रजांनी घेतलं, पुन्हा ‘बूर्बों’. ‘रियुनियन’ हे नाव कायमचं बसलं १८४८ मध्ये, तेव्हा तुमचा खेळ संपून सत्तावीस वर्षं झालेली असतात. मालकावरून नाव ठरवणारी फाईल इथे अपुरी पडते. इथे इव्हेंटच, म्हणजे ठरलेली अट पुरी झाली की खेळात आपोआप घडणारा प्रसंग, लिहावा लागेल. प्रांताचं नाव बदलण्याची आज्ञा इव्हेंटमध्ये देता येते, राजधानीचीही वेगळी देता येते. अट मात्र नुसती तारखेची घालू नका. फ्रान्समध्ये क्रांती झाली असेल तरच ‘रियुनियन’, नाहीतर शेवटपर्यंत ‘बूर्बों’. एखाद्याच्या खेळात लुई गादीवर सुखाने बसलेला असताना बेटाने राजघराण्याचं नाव टाकून द्यावं, हे पटत नाही.

बहरीनमध्ये तुम्ही बेटाचं नाव ‘बहरीन’ आणि समोरच्या किनाऱ्याचं ‘सौदी किनारा’ ठेवलंय. दुसरं तर खोडाच, सौद घराणं राज्य करायला लागायला अजून तीनशे वर्षं आहेत. पहिल्यात खरी मजा आहे. मध्ययुगात बहरीन म्हणजे बेट नव्हतंच, तो समोरचा मुख्य भूमीचा सगळा पट्टा होता, अल-हसा आणि कतीफ धरून. बेटाला म्हणत ‘अवाल’. पुढे कधीतरी नाव किनाऱ्यावरून सरकून बेटावर जाऊन बसलं, आणि ते नेमकं पंधराव्या शतकाच्या आसपास. म्हणजे तुमची सुरुवातीची तारीख अगदी उंबरठ्यावर पडते. मी असते तर बेटाला ‘अवाल’, किनाऱ्याला ‘अल-हसा’ लिहिलं असतं आणि पोर्तुगीजांच्या फाईलमध्ये बेटाला ‘बहरीन’.

असंच सरकलेलं आणखी एक नाव तुमच्या यादीत बरोबर आलंय, बहुधा नकळत. होर्मुझ. हे शहर आधी इराणच्या मुख्य भूमीवर होतं. १३०० च्या सुमारास मंगोल टोळ्यांच्या धाडींना कंटाळून राजा आणि व्यापारी समोरच्या जारून नावाच्या बेटावर गेले. तिथे प्यायला गोडं पाणी नाही, ते होड्यांतून आणायचं, आणि तरी तिथे मोठी पेठ उभी राहिली. शहराचं नाव बेटाला चिकटलं. याला तर तुमच्याच सालचा साक्षीदार आहे. तैमूरच्या मुलाचा, शाहरुखचा वकील अब्दुर रझ्झाक समरकंदी विजयनगरला जाताना १४४२ मध्ये होर्मुझला उतरला आणि १४४४ मध्ये परत तिथेच आला. या होर्मुझला जारूनही म्हणतात, असं तो लिहितो. दोन्ही नावं चालू होती! प्रांत ‘जारून’, राजधानी ‘होर्मुझ’, असं करा. खेळाने दिलेल्या दोन खान्यांचा याहून चांगला उपयोग नाही.

श्रीलंकेबद्दल तुमच्या मित्राने कडक शब्दांत लिहिलंय की ‘सिलोन’ हे इंग्रजांनी लादलेलं नाव आहे, ते कुठेही दिसता कामा नये. इंग्रजांना उगाच श्रेय देऊ नका. चिनी कागदांत ‘शीलान’ आहे, अरबांत ‘सैलान’ आहे, मार्को पोलोतही तेच. चंग हो या चिनी नौदल सेनापतीने १४०९ साल घातलेला एक शिलालेख गॉलला ठेवला, चिनी, तमिळ आणि फारसी अशा तीन भाषांत. म्हणजे ‘सिहल’वरून आलेलं हे नाव १४४४ साली अर्ध्या आशियाच्या बंदरांत ऐकू येत होतं. पण ते आख्ख्या बेटाचं बाहेरून घेतलेलं नाव. तुमच्या नकाशावर तिथे तीन-चार प्रांत आहेत. १४४४ मध्ये कोट्टेच्या गादीवर सहावा पराक्रमबाहू होता. नैर्ऋत्येला ‘कोट्टे’, उत्तरेला ‘यालपाणम’, मधल्या डोंगरात ‘कंद उड रट’ आणि तिची राजधानी ‘सेंकडगल’. पोर्तुगीज १५०५ मध्ये आले, त्यांच्या फाईलमध्ये कोलंबो, जाफनापटम, कांदिया. ‘सिलोन’ला प्रांतात जागा नाही, सगळ्या बेटाचा जो विभाग असतो त्याच्या नावात बसवा. तुमचा मित्र नाराज होईल, होऊ द्या.

निकोबार जसं आहे तसंच ठेवा. चोळांच्या शिलालेखात राजेंद्राच्या जिंकलेल्या मुलखांमध्ये ‘मानक्कवारम’ आहे, मार्को पोलो ‘नेकुवेरान’ म्हणतो. तमिळ संस्कृतीच्या फाईलमध्ये ‘नक्कवारम’ घाला, सुंदर दिसेल. डेन्मार्कच्या फाईलमध्ये ‘फ्रेडरिक्सोर्न’ : तमिळ किनाऱ्यावरच्या तरंगमबाडीहून डॅनिश लोक १७५६ मध्ये तिथे गेले आणि आपल्या पाचव्या फ्रेडरिकचं नाव देऊन बसले. १७७८ मध्ये ऑस्ट्रियानेही तिथे झेंडा लावून पाहिला, पण तेवढ्यासाठी फाईल करायची गरज नाही.

प्रश्न : मुंबईचा स्वतंत्र प्रांत केला तर १४४४ ला ‘मुंबई’ लिहायचं की ‘बॉम्बे’? आणि साष्टी वेगळी दाखवावी का? — एक वाचक, डोंबिवली

उत्तर : दोन्ही नको. ‘माहीम’ लिहा. मुंबादेवीचं बेट हे सात बेटांतलं एक, आणि त्या काळी कारभाराच्या दृष्टीने दुय्यम. गुजरातच्या सुलतानाचं ठाणं माहीमला होतं. १४२९ च्या सुमारास बहमनी सरदार मलिक-उत्-तुज्जारने झडप घातली ती माहीमवरच, आणि गुजरातने परत मिळवलं तेही माहीमच. मखदूम अली माहिमी हे विद्वान सूफी १४३१ मध्ये वारले, त्यांच्याही नावात गाव आलं ते हेच. पोर्तुगीजांना वसईच्या तहात १५३४ मध्ये बेटं मिळाली, त्यांच्या फाईलमध्ये ‘बोम्बाईम’. इंग्रजांच्यात ‘बॉम्बे’, १६६१ च्या लग्नाच्या करारानंतर. कंपनीला १६६८ मध्ये वर्षाला दहा पौंड भाड्याने दिलं त्यानंतर राजधानीचा खाना किल्ल्याच्या वस्तीला द्या. मराठी संस्कृतीच्या फाईलमध्ये ‘मुंबई’ बिनदिक्कत, देवीचं नाव आपल्या तोंडी होतंच.

साष्टी जरूर वेगळी दाखवा, राजधानी ‘ठाणे’. एका जागी मात्र ठेच लागेल. षट्षष्टी म्हणजे सहासष्ट गावं, त्यावरून साष्टी. आणि अशीच साष्टी गोव्यातही आहे, मडगावचा तालुका. पोर्तुगीजांच्या कानाला दोन्ही सारख्याच. तुमच्या पोर्तुगीज फाईलमध्ये दोन ‘साल्सेत’ होतील आणि खेळणारा चुकीच्या साल्सेतवर आरमार पाठवेल. गोव्याचा प्रांत इतका बारीक चिरू नका, प्रश्न मिटला.

प्रश्न : मॅडम, कॅरिबियन बेटांचं काय? तिथे तर सगळी नावं कोलंबसचीच ना? — एक वाचक, नाशिक

उत्तर : कोलंबस पोचला १४९२ मध्ये, खेळ सुरू होतो १४४४ ला. मधली अठ्ठेचाळीस वर्षं तिथल्या मूळच्या टायनो लोकांचीच नावं हवीत : बोरिकेन, आयिती, शायमाका. शायमाकाचंच जमैका झालं. स्पॅनिशांनी तिथे ‘सांतियागो’ हे नाव दिलं होतं, ते टिकलं नाही.

बोरिकेन बघा फक्त, कारण तिथे बेट आणि बंदर यांची अदलाबदलच झाली आहे. कोलंबसने १४९३ मध्ये बेटाचं नाव ठेवलं सान हुआन बाउतिस्ता. उत्तरेच्या उत्तम बंदराला पुढे म्हणू लागले प्वेर्तो रिको. होता होता बंदराचं नाव सगळ्या बेटाचं झालं आणि संताचं नाव राजधानीकडे गेलं. स्पेनच्या फाईलमध्ये सुरुवातीला प्रांत ‘सान हुआन’ आणि राजधानी ‘प्वेर्तो रिको’ टाका, नंतर एका इव्हेंटने दोन्ही उलटवा. खेळणारे तक्रार करतील की बग आहे.

आयितीचं उलट आहे. स्पॅनिशांनी ‘ला एस्पान्योला’ केलं, पश्चिमेचा भाग फ्रेंचांकडे जाऊन ‘सें-दोमँग’ झाला, आणि गुलामांनी बंड करून फ्रेंचांना हाकलल्यावर १ जानेवारी १८०४ रोजी त्यांचा नेता देसालीनने टायनोंचंच नाव देशाला दिलं. ते सांगणारे टायनो तोवर जवळपास उरलेच नव्हते. एक काळजी घ्या. स्वतंत्र झालेल्या देशाची फाईल केलीत तर त्यात ‘हैती’ असू द्या, पण पूर्वेचा स्पॅनिश भाग त्यात ओढू नका.

फिलिपिन्सचं विचारणारी दोन पत्रं आली आहेत. ते नाव १५४३ चं, तेव्हाच्या राजपुत्र फिलिपवरून, आणि तेही आधी दोनच बेटांपुरतं. फिलिप जन्मला १५२७ मध्ये. पुढचं तुम्हीच ओळखा.

प्रश्न : आम्ही मराठ्यांकडून खेळतो. आरमार वाढवून मॉरिशस घेतलं. आता त्याला काय नाव द्यावं? मित्र म्हणतात ‘शिवद्वीप’. — एक वाचक, सातारा

उत्तर : ‘शिवद्वीप’ आजच्या माणसाला सुचणारं नाव आहे. मराठ्यांनी समुद्रात खरोखर काय केलं ते बघा. मालवणच्या कुरटे बेटावर १६६४ मध्ये किल्ल्याचं काम सुरू झालं, त्याला नाव दिलं सिंधुदुर्ग. कुरटे हे नाव कोणी पुसलं नाही, ते आजही सांगतात. जंजिऱ्यासमोर कासा नावाच्या खडकावर पद्मदुर्ग उभा केला, आणि लोक अजून त्याला कासा किल्लाच म्हणतात. खांदेरी तर खांदेरीच राहिली. खडकाचं नाव खडकाला आणि किल्ल्याला नवा ‘दुर्ग’, अशी रीत दिसते. तुमच्या दोन खान्यांत हे फार छान बसतं : राजधानीच्या खान्यात एखादा दुर्ग टाका, प्रांताला आधीच्या मालकाचं नाव मराठी तोंडात बसेल असं.

ते कसं बसेल? रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात टोपीकरांची, म्हणजे युरोपियनांची, यादी आहे : फिरंगी, इंग्रज, वलंदेज, फरासीस, डिंगमार. फ्रेंचांकडून घेतलं असेल तर ‘फरासीस बेट’ लिहा. हे माझ्या पदरचं आहे, असा कागद नाही, पण पेशव्यांच्या कारकुनाने कदाचित असंच काही खरडलं असतं. गिरमिटियांच्या तोंडचं मॉरिशसचं नाव ‘मिरिच’ मोहात पाडेल, मात्र हिंदुस्थानातून करारावरचे मजूर तिथे जायला लागले १८३४ मध्ये. कोकणातली, साताऱ्याकडची माणसं गेली तीही त्यानंतरच. त्यांचे वंशज तिथे आजही मराठी जपून आहेत, तरी तुमच्या खेळात ते येत नाहीत.

यादीतले डिंगमार म्हणजे डॅनिश. त्यांच्याकडून निकोबार घेणार असाल तर नाव आहे तसंच राहू द्या आणि प्रांताच्या आकड्यांकडे बघा. डॅनिश वसाहत तिथे तापाने पुन्हा पुन्हा मोडली, माणसं मेली, सोडून दिली, परत आले, आणि शेवटी १८६८ मध्ये हक्क इंग्रजांना विकून मोकळे झाले. तुमच्या फाईलमध्ये मात्र निकोबारची वसाहत मॉरिशसच्याच वेगाने वाढते. वसाहतीच्या वाढीचा जो स्थानिक आकडा असतो तो तिथे उणे करा, आणि चांगला भरपूर उणे करा.